पंधरावी खूण

इटलीच्या ईशान्य टोकाच्या ब्राइदे गावात घरं, दुकानं, दोन बार आणि चर्चची खोली धरून बेचाळीस दारांवर 'इथे फुर्लान बोलतात' असा निळा-पिवळा स्टिकर होता. त्यातले एकेचाळीस दिर्चेने स्वतःच्या हाताने लावले होते. उरलेला पोस्टमनने लावला होता, तोही उलटा.

दिर्चे एकोणसत्तर वर्षांची. गावच्या डेअरीत तीस वर्षं चीज कापून विकलं. चिजाचा तुकडा तराजूत टाकून ती ज्या आवाजात "एवढंच?" विचारायची, त्या आवाजापुढे भलेभले निमूटपणे अर्धा किलो जास्त घेऊन घरी जायचे. निवृत्त झाल्यावर तोच आवाज तिने भाषेच्या कामाला जुंपला. फुर्लान, म्हणजे त्या भागाची जुनी भाषा, रोजच्या बोलण्यात राहिली पाहिजे, दुकानात, दवाखान्यात, शाळेत ऐकू आली पाहिजे, यासाठी गावात एक समिती होती. पाच माणसांची. त्यातले तिघे सभेनंतरच्या वाइनसाठी यायचे हे दिर्चेला ठाऊक होतं, पण ती कोरम भरायला चालवून घ्यायची.

"दिर्चे, माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पण एक चिकटव गं," बारमध्ये म्हातारा तिते तिला चिडवायचा. "अस्सल फुर्लान बोलतात त्या."

"चिकटवते की. तुझ्या घरात तेवढ्याच बोलायच्या राहिल्यात. सून तर तुझी टीव्हीशीसुद्धा इटालियनमध्ये भांडते."

बारमधले हसायचे, तितेही हसायचा आणि दिर्चेला एक ग्लास पाजायचा. लोकांना ती आवडायची. थोडी भीतीही वाटायची, पण ती डेअरीपासूनचीच.

जानेवारीत बालवाडीच्या पुढच्या वर्षाचे फॉर्म निघाले. फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न असतो: मुलाला फुर्लानचा तास हवा का? 'हो'च्या चौकोनात खूण करायची, नाहीतर 'नाही'च्या. करायला अर्धा सेकंद लागतो, पण ब्राइदेच्या शाळेत सगळं घोडं तिथेच अडत आलेलं. मुख्याध्यापिकेने आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा पंधरा 'हो' आले तर तास राहील. एक जरी कमी पडला तर फुर्लानची बाई दुसऱ्या गावाला जाईल, आणि एकदा गेलेली बाई परत येत नाही. फॉर्म शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत बदलता येणार होते.

मुलं सतरा. दोन घरांनी तोंडावर नाही म्हटलं होतं, शहरातून येऊन बंगले बांधलेले लोक होते ते. राहिली पंधरा. दिर्चे त्या पंधरांपैकी चौदा घरी जाऊन आली. कुठे केक नेला, कुठे नुसता आवाज. पंधरावं घर तिच्या स्वतःच्या लेकीचं, मोरेनाचं. तिथे ती गेली नाही. स्वतःच्या लेकीच्या घरी जाऊन कोण प्रचार करतं?

मंगळवारी अकराच्या सुमाराला मुख्याध्यापिकेचा फोन आला. चौदा.

"कोण राहिलंय?" दिर्चेने विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, सिन्योरा. नियम आहे."

"मी शोधून काढते."

"ते मला माहीत आहे," मुख्याध्यापिका थकल्या आवाजात म्हणाल्या.

दुपारी जेवायला नात होती. मोरेना चष्म्याच्या कारखान्यात कामाला, तिची पाळी दोनपर्यंत, म्हणून चार वर्षांची नोएमी बालवाडीतून रोज आजीकडेच यायची. दिर्चेचा नवरा ओनोरिओ नेहमीसारखा मान खाली घालून पोलेंता खात होता. चाळीस वर्षं परदेशात गवंडीकाम केलेला माणूस, बोलणं बेताचंच.

"सांगते तुला, ती रोमानियाची इओआना असणार," दिर्चे त्याला फुर्लानमध्ये म्हणाली. "तोंडावर गोड हसली आणि घरी जाऊन 'नाही' करून मोकळी झाली. तिला काय पडलंय आपल्या भाषेचं?" आणि त्याच दमात नोएमीकडे वळून इटालियनमध्ये, "बाळा, सूप गार होतंय, खाऊन घे बरं." मग टेबलाखाली वाकून पुन्हा फुर्लानमध्ये, "सरक रे माझ्या राजा, पायात नको येऊस. देते, देते, तुलाच देते." टेबलाखाली बोबी होता. घरातला हा चौथा बोबी. आधीचे तीन बागेत प्लमच्या झाडाखाली होते.

हे असं रोजचंच. आपली कुठली नाकपुडी चालू आहे हे श्वास घेणाऱ्याला कधी कळत नाही, तसं दिर्चेलाही ते कधी कळलं नाही.

"आणि गुरुवारी तो देविस येणार आहे कॅमेरा घेऊन," ती नवऱ्याला म्हणाली. "नवा शर्ट घाल."

देविस म्हणजे भाषेच्या कचेरीतला तरुण. त्याला एक छोटी फिल्म करायची होती: आजी, नात, जेवणाचं टेबल आणि रोजची फुर्लान. सगळ्या प्रांतातून त्याने दिर्चेचं घर निवडलं होतं. तिने ही गोष्ट आठवडाभरात कुणाला सांगायची ठेवली नव्हती.

बुधवारी ती इओआनाच्या दारात उभी राहिली. इओआना वृद्धाश्रमात काम करायची, रात्रपाळी करून आलेली, केस ओले.

"तुझ्या मुलीचा फॉर्म," दिर्चे इटालियनमध्ये म्हणाली. "मी काही रागवायला आलेली नाही. पण तू या गावात राहतेस, इथलं खातेस."

"मी 'हो' केलंय," इओआना म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

पुढचं वाक्य दिर्चेने घरून तयार करून आणलं होतं आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"मुलीला यावी म्हणून केलंय," इओआना म्हणाली. "मला कुणी शिकू देत नाही ना. बेकरीत तुम्ही सगळ्या फुर्लानमध्ये गप्पा मारत असता. मी आत पाय टाकला की सगळ्या इटालियन. अकरा वर्षं झाली. आश्रमातल्या म्हाताऱ्या तेवढ्या फुर्लान बोलतात माझ्याशी, त्यांना मी कोण हे आठवत नाही म्हणून. आत्ता पण बघा ना, सिन्योरा दिर्चे, तुम्ही माझ्याशी कशात बोलताय?"

"ते... तुला समजावं म्हणून. आदराने बोलतो आम्ही."

"हो, आदराने," इओआना म्हणाली. मग जरा थांबून, मवाळ होऊन, "तुम्ही मोरेनाला विचारा. आम्ही दोघींनी माझ्याच कॉम्प्युटरवर फॉर्म भरला, तिचं इंटरनेट बंद होतं ना. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

दिर्चे घरी चालत आली. वाटेत तितेने हाक मारली ती तिला ऐकू आली नाही. आधी तिला राग आला, मग लाज वाटली, आणि घराचं फाटक उघडेपर्यंत तिने दोन्ही गिळून एक बेत केला होता. डेअरीत पण ती असंच करायची, आंबलेलं दूध फेकायची नाही, त्याचं काहीतरी करायची. मोरेनाला आत्ता काही विचारायचं नाही. उद्या देविस येईल. जेवणाच्या टेबलावर आपण आणि नोएमी फुर्लानमध्ये बोलू. सव्वादोनला मोरेना पोरीला न्यायला येईल आणि दारातून ते बघेल, स्वतःच्या डोळ्यांनी. पाषाणालाही पाझर फुटेल. शुक्रवार सकाळ हातात आहेच.

"पोरीला कुठे येतंय?" ओनोरिओ म्हणाला.

"सगळं येतंय. चार वर्षं या घरात ऐकतेय ती. तिच्यादेखत आपण दुसरं काय बोलतो?"

ओनोरिओने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग वाइनचा घोट घेतला. तेव्हाच बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो बोलणाऱ्यातला नव्हता.

गुरुवारी दिर्चेने फ्रिको केला. चीज आणि बटाट्याची ती थाळीएवढी खरपूस पोळी, दोन्हीकडून सोन्यासारखी भाजलेली. टेबलावर धुतलेली चादर, खिडकीत जिरेनियमची कुंडी. देविसने कॅमेरा कपाटाशेजारी लावला. पोरगा सभ्य होता, विद्यापीठात शिकलेली फुर्लान अगदी इस्त्री केल्यासारखी बोलायचा.

"मी इथे नाहीच असं समजा, सिन्योरा," तो म्हणाला. "रोज जसं बोलता तसंच. सुरू करा."

दिर्चेने हसून नातीकडे पाहिलं. "बाळा, आज आजीने काय केलंय बघ."

देविसने हात वर केला. "छान. फक्त... फुर्लानमध्ये."

"मग कशात बोलले?"

"इटालियनमध्ये."

दिर्चे हसली. कॅमेऱ्यामुळे झालं असेल, ती म्हणाली. पदार्थ पुन्हा झाकला, पुन्हा उघडला. नातीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि पुन्हा तेच, इटालियन. ओनोरिओ ताटात बघत होता. तिसऱ्यांदाही तेच. समोर चार वर्षांची पोर बसलेली, स्वतःच्या रक्तामासाची, आणि तिच्याशी स्वतःच्या भाषेत एक वाक्य बोलायला जीभ उचलत नव्हती. चारचौघांत कुणी अंगावरचे कपडे काढायला सांगावं तसं तिला झालं.

शेवटी तिने डोळे किंचित मिटले आणि मनाचा हिय्या करून फुर्लानमध्ये म्हणाली, "ये इकडे, माझ्या राणी. ये माझ्याजवळ, भूक लागली ना तुला?"

नोएमी वाकली आणि तिने टेबलाखाली बघितलं.

टेबलाखालून बोबी बाहेर आला, शेपटी हलवत, आणि त्याने दिर्चेच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"त्याला नाही," दिर्चे फुर्लानमध्येच म्हणाली. तिचा आवाज जरा चढला. "तुला म्हणतेय मी. तू ये."

नोएमीने आजीकडे पाहिलं, बोबीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. हा खेळ आहे तर. ती खुर्चीवरून उतरली, चार पायांवर झाली, रांगत आजीपर्यंत आली आणि मागच्या पायांवर बसून तिने एक हात पुढे केला, पंजा द्यावा तसा. जीभही बाहेर काढली.

देविस हसला. त्याला आवरलंच नाही. "अफलातून," तो म्हणाला. "हे ठेवतोच."

"बंद कर ते," दारातून आवाज आला.

मोरेना उभी होती. अंगावर कारखान्याचा डगला तसाच. किती वेळ उभी होती कोण जाणे. देविसने कॅमेरा बंद केला आणि गाडीतून काहीतरी आणायचं आहे असं पुटपुटत बाहेर गेला. मोरेनाने पोरीला उचलून घेतलं, तिचे गुडघे झटकले.

"बघितलंस," दिर्चे म्हणाली. लेकीशी बोलताना ती इटालियनमध्ये बोलते हे आज पहिल्यांदाच तिला ऐकू आलं, पण आता थांबता येईना. "बघितलंस ना, यासाठीच तास हवा. पोरगी भाषेला हसायला लागलीय. आणि तू 'नाही' केलंस. माझी मुलगी असून. गावात मी तोंड कसं दाखवू?"

"ती हसत नव्हती, मम्मा. तिला वाटलं ती कुत्र्याची भाषा आहे. मला पण तसंच वाटायचं."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी सात वर्षांची असताना नोन्ना गेली, तुझी आई," मोरेना म्हणाली. ती ओरडत नव्हती, पाळीवरून आलेलं माणूस बोलतं तसं बोलत होती. "तू हॉस्पिटलमधून आलीस. मी वरच्या खिडकीत होते. तू सरळ अंगणात गेलीस, बोबीपाशी, दुसरा बोबी होता तो. त्याच्या गळ्यात पडलीस आणि त्याला सगळं सांगितलंस, फुर्लानमध्ये. शेवटी तिचे हात किती गार पडले होते, ती काय म्हणाली, तुला कसं पोरकं वाटतंय. किती वेळ रडत होतीस. मी सगळं ऐकलं. मग तू नळावर तोंड धुतलंस, घरात आलीस आणि मला इटालियनमध्ये सांगितलंस, नोन्ना देवाकडे गेली, आता हात धुऊन जेवायला बस. बातम्या सांगतात तसं."

दिर्चे टेबलावरची चादर सरळ करू लागली.

"मी तेव्हा ठरवलं होतं की आपण पुढच्या वेळी कुत्रा व्हायचं," मोरेना म्हणाली आणि जराशी हसली. ते हसणं बघवत नव्हतं.

"तुला माहीत नाही तू कुठे जन्मलीस," दिर्चे म्हणाली. "भूकंपात घर गेलं. आम्हाला समुद्रकाठच्या हॉटेलात नेऊन ठेवलं, दहा महिने. मी पोटुशी. दुकानात काही मागितलं की मागून आमची नक्कल करायचे. दोन शब्द बोलले की हसायचे. मी तिथेच शपथ घेतली होती की माझ्या पोरीला कुणी हसणार नाही."

"कुणी हसलं नाही. शाळेत माझं इटालियन सगळ्यात चांगलं होतं." मोरेनाने पोरीच्या कोटाची बटणं लावली. "तू माझ्या भल्यासाठीच केलंस. मला कळतं ते. पण आता साठ वर्षांचे झाल्यावर तुम्हाला सगळ्यांना आठवलं, आणि तुम्ही दारावर स्टिकर लावता आणि म्हणता, शाळेने शिकवावी. आठवड्यातून एक तास, बाईकडून, रंगीत पुस्तकातून. जे तुझ्याकडे घरात होतं आणि तू मला कधी दिलं नाहीस, ते माझ्या मुलीने परक्या बाईकडून गाण्यात शिकायचं? नको. त्यापेक्षा इंग्रजीचा जादा तास बरा. निदान ते कुणी तिच्यापासून लपवून ठेवलेलं नाही."

"एक खूण, मोरेना. एका खुणेने चौदा मुलांचा तास जाईल."

"तू चौदा घरी गेलीस," मोरेना म्हणाली. "माझ्याकडे नाही आलीस."

ती पोरीला घेऊन गेली. फ्रिको तसाच होता, वरून चकाकत, गार. ओनोरिओने त्याचा एक तुकडा कापला आणि तो खात राहिला. दिर्चेला त्याचा त्या क्षणी इतका राग आला की त्याच्या पुढची थाळी ओढून घ्यावीशी वाटली. "तू का नाही कधी बोललास तिच्याशी?" तिने विचारलं.

"मी वर्षातून दोनदा घरी यायचो," ओनोरिओ म्हणाला. "तू म्हणालीस, इटालियनमध्ये बोल, म्हणून मग गप्पच बसायचो."

त्या संध्याकाळी ती मोरेनाकडे जायला निघाली होती. खरंच निघाली होती, कोट घातला, केक कागदात गुंडाळला. जाऊन काय बोलायचं ते तिला माहीत होतं: चुकलं माझं. एवढंच. पण ते कुठल्या भाषेत म्हणायचं हे तिला ठरवता येईना. इटालियनमध्ये म्हटलं तर पुन्हा बातम्या. फुर्लानमध्ये म्हणावं तर लेकीशी या भाषेत बोलायला सुरुवात कुठून करतात हेच माहीत नाही; पंचेचाळीस वर्षांच्या बाईला पहिल्यांदा काय म्हणायचं? ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली. केक ओनोरिओने खाल्ला.

शुक्रवारी कामावर जाताना मोरेना पोरीला सोडून गेली, कारण दुसरीकडे सोडायला जागा नव्हती. बालवाडीला त्या दिवशी सुट्टी होती. दारातच "सूप गरम दे तिला" एवढं म्हणाली. दिर्चेने मान हलवली. 'चुकलं माझं' हे शब्द ओठापर्यंत आले होते. गाडी वळून गेली.

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी मुख्याध्यापिकेचा फोन आला. चौदाच. बाईंना पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या शाळेत नेमलंय, त्या म्हणाल्या, आणि वाईट वाटलं असंही म्हणाल्या. पाठोपाठ देविसचा निरोप. त्याने रांगणाऱ्या नोएमीचा तुकडा कचेरीत दाखवला होता, सगळ्यांना फार आवडला, फिल्ममध्ये वापरायची परवानगी हवी होती. खाली त्याने हसणारे तीन चेहरे टाकले होते. दिर्चेने फोन पालथा ठेवला.

मग ती बोबीचं भांडं घेऊन अंगणात गेली. हवा बर्फासारखी होती, डोंगर स्वच्छ दिसत होते. तिने भांडं खाली ठेवलं, ओट्यावर बसली आणि त्याच्या मानेत हात घातला.

"गेलं बघ, राजा," ती फुर्लानमध्ये म्हणाली. "सगळं गेलं. मीच घालवलं. कुणाला सांगू मी आता? एवढं दारोदार फिरले, आणि एका दारात मला जाता आलं नाही. पोर खिडकीत उभी होती रे त्या दिवशी. मला माहीतच नव्हतं. माझी पोर वर खिडकीत उभी होती आणि मी..."

बोबीने भांड्यातून तोंड काढून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागला.

मागे पावलं वाजली. दारात नोएमी उभी होती, पायात आजोबांचे बूट. किती वेळ, कोण जाणे. दिर्चेने झटकन डोळे पुसले, वळली, आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

"बाळा, बाहेर थंडी आहे, आत जा बरं." इटालियनमध्ये.

ते ऐकून ती स्वतःच दचकली. पण बोलून झालं होतं.

नोएमी आत गेली नाही. ते मोठे बूट फरफटत ती बोबीजवळ आली, खाली बसली आणि तिने त्याच्या मानेत दोन्ही हात घातले.

"चल रे माझ्या राजा," ती त्याच्या कानात म्हणाली. "चल आत, गारठलास ना बिचारा. रडू नकोस हं. मी आहे ना."

फुर्लानमध्ये. एकही शब्द चुकीचा नव्हता. आवाजाचा चढउतार दिर्चेचा, 'बिचारा' म्हणताना ती आवाज जिथे खाली आणायची तो थेट तसाच, आणि दिर्चेचा तो तिच्या आईकडून आलेला होता. बोबी उठला आणि पोरीच्या मागोमाग दाराकडे गेला.

उंबऱ्यावर नोएमी थांबली, आजीकडे वळली.

"नोन्ना, तू पण ये," ती म्हणाली, स्वच्छ इटालियनमध्ये, आणि दार लोटून घेतलं. त्या दारावर आतून, काचेच्या मधोमध, गावातला सगळ्यात पहिला स्टिकर लावलेला होता.